ऱ्हाइनकाठची सुरई : व्यापाराचा माल की मालाचे भांडे?

सोळाव्या आणि सतराव्या शतकांत जर्मनीतील ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात, कोलोन शहराच्या आसपासच्या मोजक्या गावांत, मानेवर दाढीधारी पुरुषाचा मुखवटा आणि पोटावर उठावाची पदके असलेल्या तपकिरी सुरया मोठ्या प्रमाणावर घडवल्या गेल्या, आणि त्या किंवा त्यांची खापरे आज लंडनच्या थेम्स नदीच्या गाळात, व्हर्जिनियातील जेम्सटाउनच्या वसाहतीत, स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांच्या खडकांत, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगतच्या फुटक्या जहाजांत आणि जपानमधील देजिमा या डच वखारीच्या उत्खननातही सापडतात. ही भांडी चिनी पोर्सेलीनसारखी मौल्यवान नव्हती, हलकी नव्हती आणि बहुतेक घरांत ती कौतुकाने मांडून ठेवण्यासाठी घेतली जात नव्हती. तरीही त्या काळातील युरोपीय जहाजे जिथे जिथे पोहोचली, त्यांतील बऱ्याच ठिकाणी ती पोहोचली. हे कसे घडले, आणि अशा भांड्याचा तुकडा हाती आल्यावर त्यावरून व्यापाराबद्दल नेमके काय म्हणता येते, हा या विषयावरील गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या संशोधनाचा गाभ्याचा प्रश्न आहे. या प्रश्नाचे एकच उत्तर शोधण्याचा आग्रह पूर्वीच्या लेखनात दिसतो. प्रत्यक्षात या सुरईने दोन निरनिराळ्या जगांत दोन निरनिराळी कामे केली: उत्तर समुद्राच्या काठावर ती स्वतः विकाऊ माल होती, आणि महासागर ओलांडणाऱ्या जहाजावर ती मुख्यतः दुसऱ्या मालाचे भांडे झाली. या दोन भूमिका वेगळ्या न ठेवल्यामुळे नकाशावरील प्रत्येक खापराला जर्मन कुंभारांच्या बाजारपेठेची खूण मानण्याची चूक वारंवार होत आली आहे.

या भांड्यांचा प्रवास समजण्यासाठी आधी त्यांची माती समजून घ्यावी लागते. ज्या मातीच्या भांड्याला भाजताना इतकी उष्णता दिली जाते, की मातीतील बारीक कण अंशतः वितळून एकमेकांत मिसळतात आणि थंड झाल्यावर भांड्याच्या अंगातील छिद्रे जवळजवळ बुजून जातात, त्या भांड्याला स्टोनवेअर म्हणतात. कुंभाराच्या आव्यात भाजलेले साधे मडके हजार अंश सेल्सियसच्या आतच तयार होते आणि त्यातून पाणी झिरपते. स्टोनवेअरला मात्र सुमारे १,२०० ते १,३०० अंशांची आच लागते आणि ती सोसूनही आकार न सोडणारी विशिष्ट माती लागते. मराठी घरांतील लोणच्याची चिनी मातीची बरणी मीठ, तेल आणि आंबटपणा वर्षानुवर्षे ज्या गुणामुळे सहन करते, त्याच गुणामुळे ऱ्हाइनकाठची सुरई दारू, तेल, व्हिनेगर किंवा औषध यांतील काहीही चव न बिघडवता आणि थेंब न गळता साठवू शकत असे. ऱ्हाइनच्या खोऱ्यात अशी माती भूपृष्ठाजवळ विपुल होती, भट्टीसाठी लागणारी जंगले जवळ होती आणि तयार माल हलवण्यासाठी नदी दाराशी होती; सुमारे इ. स. १३०० पर्यंत तेथील कुंभारांनी पूर्ण स्टोनवेअर साधले होते.

त्यावर चढवली जाणारी झिलई मिठाची असे. भट्टी ऐन तापात असताना वरच्या छिद्रांतून आत मीठ टाकले जाई; त्याची वाफ होऊन सोडियमचा मातीतील सिलिका आणि ॲल्युमिना यांच्याशी संयोग होई आणि भांड्याच्या सर्वांगावर काचेचा पातळ, किंचित खळगेदार थर बसे, तर उरलेला क्लोरिनचा अंश तिखट आम्लवायूच्या रूपाने धुरातून बाहेर पडे. भारतातील नगरपालिकांनी सांडपाण्यासाठी दीर्घकाळ वापरलेले तपकिरी, चकचकीत स्टोनवेअरचे नळ याच प्रक्रियेने तयार होतात, आणि भारतीय मानक ६५१ हे अशाच मिठाच्या झिलईच्या नळांसाठीचे मानक आहे. भांडे भट्टीत जाण्यापूर्वी त्यावर लोहयुक्त मातीचा पातळ लेप दिला, तर अंतिम रंग ठिपकेदार तपकिरी येतो. लेप न देता निळ्या कोबाल्टने नक्षी भरली, तर राखाडी पार्श्वभूमीवर निळे काम उठते. पहिली रीत फ्रेखेन या गावाची आणि दुसरी वेस्टरवाल्ड या डोंगराळ भागाची ओळख ठरली.

उत्पादनाची केंद्रे थोडी होती, पण प्रत्येकाचा स्वभाव निराळा होता. झिग नदीकाठच्या झिगबुर्ग गावात फिकट, जवळजवळ पांढरी माती निघे आणि तेथील कुंभारांचा संघ स्थानिक मठाधिपतीच्या अधिकाराखाली बांधलेल्या नियमांनी चाले. मध्ययुगाच्या उत्तरार्धात तेथील सडपातळ सुरया बाल्टिक समुद्राच्या काठाने दूरवर गेल्या. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोलोन शहरातच भट्ट्या पेटू लागल्या आणि दाढीधारी मुखवट्याची सुरई याच शहरात रूपाला आली. पण आगीची भीती, धूर आणि लाकडाचा वाढता खप यांमुळे नगरसभेने कुंभारांवर निर्बंध आणले आणि शतकाच्या मध्यास हा व्यवसाय पश्चिमेकडील फ्रेखेन गावाकडे सरकला. आज बेल्जियमच्या पूर्व टोकाला असलेल्या रेरेन या गावात यान एमेन्स मेनिकेन याच्यासारख्या कसबी कारागिरांनी भांड्यांच्या पोटावर कोरीव चित्रपट्टिका बसवण्याची कला उंचीवर नेली. हान्स झेबाल्ट बेहाम याच्या छापील चित्रांवरून घेतलेली शेतकऱ्यांच्या नृत्याची पट्टिका किंवा बायबलमधील सुझान्नाची कथा ही त्यांची ठळक उदाहरणे होत. छापखान्यातून निघालेली चित्रे इतक्या लवकर कुंभाराच्या साच्यात उतरणे, ही त्या काळातील ग्रामीण कारागीर जगाच्या किती जवळ होता, हे दाखवणारी फार मोलाची गोष्ट आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस झिगबुर्गमधील क्नुटगेन आणि रेरेनमधील मेनिकेन या घराण्यांतील काही कुंभार ऱ्हाइनच्या पूर्वेकडील वेस्टरवाल्डच्या डोंगराळ भागात जाऊन स्थायिक झाले, आणि तीस वर्षांच्या युद्धात १६३२ साली स्वीडिश सैन्याने झिगबुर्ग लुटल्यानंतर त्या गावाचे वैभव ओसरले.

दाढीच्या मुखवट्याबद्दल एक समज इतका रुळला आहे, की तो थोडक्यात दूर करणे आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये या सुरईला कॅथलिक कार्डिनल रॉबर्ट बेलार्मीन याच्या नावाने ओळखले जाऊ लागले आणि प्रोटेस्टंट लोकांनी त्याची थट्टा करण्यासाठी ती घडवली, असे सांगितले जाते. बेलार्मीनचा जन्म १५४२ साली झाला आणि मुखवट्याच्या सुरया त्याआधीपासूनच घडत होत्या. तेव्हा ही थट्टा सुरई वापरणाऱ्यांची आहे, घडवणाऱ्यांची नव्हे. मुखवट्यामागे मध्ययुगीन लोककथांतील रानटी पुरुषाची कल्पना असावी, हे मत अधिक पटणारे आहे.

ही भांडी नदीवरून समुद्रापर्यंत कशी पोहोचली, हे सांगताना कोलोनच्या साठवण-हक्काला मध्यवर्ती स्थान द्यावे लागते. १२५९ साली आर्चबिशप कोनराड फोन होखष्टाडेन याने कोलोनला दिलेल्या या हक्कानुसार ऱ्हाइनवरून जाणाऱ्या व्यापाऱ्यांना आपला माल शहरात उतरवून तीन दिवस तेथील खरेदीदारांसमोर ठेवावा लागे. परिणामी नदीवरचा मोठा व्यापार कोलोनच्या व्यापाऱ्यांच्या हातांतून जाऊ लागला, आणि या व्यापारात सर्वांत महत्त्वाचा माल ऱ्हाइनची वाइन होता. स्टोनवेअर या वाइनच्या मागोमाग गेले. वाइनची पिंपे घेऊन खाली डोर्ड्रेख्टकडे आणि पुढे सागराकडे जाणाऱ्या नावांत पेंढ्यात बांधलेल्या सुरया आणि मग सहज भरता येत. ज्यांना वाइन विकायची तेच ग्राहक ती ओतण्याचे आणि पिण्याचे भांडेही घेत. बाजारात ही भांडी सुटी जात नसत. वाइन पिण्याची एक पद्धत आपल्या साधनांसह पुढे सरकत होती, आणि ल्युबेकपासून बर्गन, किंग्ज लिन आणि नोव्हगोरोदपर्यंत हान्सा व्यापारी संघाच्या ठाण्यांवर ऱ्हाइनची भांडी एकसारखी सापडतात, त्याचे कारण यात आहे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ डेव्हिड गेम्स्टर यांनी या ठाण्यांतील भांड्यांना परमुलखात राहणाऱ्या जर्मन व्यापाऱ्यांच्या सामायिक जीवनशैलीची खूण मानले आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेला जर्मन स्टोनवेअरवरील त्यांचा ग्रंथ आजही या क्षेत्राचा पाया समजला जातो.

इंग्लंडमध्ये हा माल किती नित्याचा होता, हे जकातीच्या कागदांवरून दिसते. तेथील दरपुस्तकांत दगडी भांड्यांवरील कर नगांवर मोजला जात नसे. एक गॅलन मावेल एवढ्या भांड्यांचा एक घाणा धरून शंभर घाण्यांवर दर लावला जाई, मग ते गॅलन एका सुरईत मावो की चार मगांत. आकार आणि नक्षी कितीही बदलो, सरकारच्या दृष्टीने भांड्याचे मोल त्यात मावणाऱ्या पेयाएवढेच होते, आणि इतक्या ठोक पद्धतीने मोजला जाणारा माल रोजच्या वापरातलाच असणार. राणी एलिझाबेथच्या काळात विल्यम सिम्प्सन नावाच्या व्यापाऱ्याने कोलोनची दगडी भांडी आयात करण्याचा एकाधिकार आपल्याला मिळावा, असा अर्ज केला होता आणि त्यात आखेनमध्ये राहणारा एक परदेशी व्यापारी ही भांडी घाऊक खरेदी करून इंग्लंडमध्ये विकतो, अशी तक्रार होती. एखाद्या वस्तूचा एकाधिकार मिळवण्यासाठी धडपड होते, तेव्हा तिच्यात नफा आहे हे उघड असते. उत्तर समुद्राच्या काठी ही सुरई स्वतंत्र माल होती, याचा यापेक्षा भक्कम कागदोपत्री पुरावा मिळणे कठीण आहे.

याच काळात उच्चवर्गीय इंग्रज घरांत काही निवडक सुरयांना चांदीची किंवा चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेली झाकणे, गळपट्ट्या आणि तळपट्ट्या जडवण्याची रीत पडली. ॲडम विन्थ्रॉप याला १६०७ साली त्याची बहीण लेडी मिल्डमे हिने चांदीचे झाकण असलेले असे एक भांडे भेट दिले, आणि पुढे मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीचा गव्हर्नर झालेला त्याचा मुलगा जॉन विन्थ्रॉप याच्याकडून ते अटलांटिकपार गेले. हे भांडे आजही अमेरिकेत जतन केलेले आहे. त्यावरून वसाहतीच्या प्रत्येक घरात अशा सुरया होत्या असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. चांदीचे साज चढलेल्या सुरया संग्रहालयांत टिकल्या आणि साध्या सुरया फुटून गाळात गेल्या, त्यामुळे कपाटातील नमुन्यांवरून या मालाची जी प्रतिमा तयार होते ती नेहमी वरच्या वर्गाकडे झुकलेली असते.

महासागरावरचे चित्र मात्र निराळे आहे, आणि या विषयातील सर्वांत समृद्ध पुरावाही तेथेच आहे. १५८५ साली स्पॅनिश सैन्यापुढे अँटवर्प पडल्यानंतर तेथील भांडवल आणि व्यापारी मोठ्या प्रमाणावर उत्तरेकडे सरकले, ॲमस्टरडॅम हे युरोपच्या व्यापाराचे केंद्र बनले, आणि १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांना दरवर्षी मोठ्या संख्येने टिकाऊ भांड्यांची गरज भासू लागली. ४ जून १६२९ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हाउटमन आब्रोल्होस बेटांवर आपटलेल्या ‘बटाव्हिया’ जहाजातून ऱ्हाइनच्या स्टोनवेअरचे नमुने मिळाले आहेत. २८ एप्रिल १६५६ रोजी पर्थच्या उत्तरेस फुटलेल्या ‘फेरगुल्डे ड्राक’ या जहाजातून मिळालेल्या दाढीधारी सुरया आज पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या संग्रहालयात आहेत. हे जहाज आशियातील खरेदीसाठी चांदीची नाणी घेऊन चालले होते, कारण आशियाला युरोपीय मालाची विशेष गरज नव्हती आणि चांदी मात्र सर्वत्र चालत होती. या सुरया त्या चांदीच्या बरोबरीने विकण्यासाठी चालल्या होत्या असे मानण्यास आधार नाही. जहाजावरील खलाशी, अधिकारी, वैद्य आणि स्वयंपाकी यांच्या नित्याच्या साठवणुकीसाठी त्या होत्या, असे मानणेच सयुक्तिक आहे.

शेटलंडच्या आउट स्केरीज बेटांवर २० डिसेंबर १६६४ रोजी फुटलेल्या ‘केनेमरलँड’ या जहाजाचा पुरावा याहून बोलका आहे. इंग्लंड आणि नेदरलँड्स यांच्यातील तणावामुळे डच जहाजे इंग्लिश खाडी टाळून स्कॉटलंडच्या उत्तरेने वळसा घालत असत, आणि त्याच वाटेवर हे जहाज बुडाले. १९७० च्या दशकात तेथे झालेल्या पाण्याखालील शोधकार्यात पारा आणि स्टोनवेअरच्या सुरयांची खापरे मिळाली. पाणबुड्या पुरातत्त्वज्ञ कीथ मकलरॉय यांनी समुद्रतळावर वस्तू कशा विखुरल्या जातात याचा जो पद्धतशीर अभ्यास केला, त्याचे हे जहाज एक प्रमुख उदाहरण आहे. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड असतो, अगदी बारीक भेगेतूनही निसटतो, आणि लाकडी पिंपात ठेवणे धोक्याचे असते. त्यामुळे छिद्ररहित आणि बळकट सुरईत भरून तोंड घट्ट बंद करणे हा त्याच्या वाहतुकीचा सोयीचा मार्ग होता. १६५९ पासून आजच्या स्लोव्हेनियातील इद्रिया खाणीच्या पाऱ्याची विक्री ॲमस्टरडॅममधील ड्यूट्स या व्यापारी घराण्याच्या हाती होती, आणि डच कंपनीची जहाजे हा पारा पूर्वेकडे नेत होती. या साखळीत इद्रियाचा खाणकामगार, ॲमस्टरडॅमचा सावकार आणि फ्रेखेनचा कुंभार एकत्र येतात, पण माल म्हणून मोजला जातो तो फक्त पारा; सुरई जमाखर्चात बहुधा दिसतही नाही. सतराव्या शतकाच्या व्यापाराचा इतिहास केवळ कंपन्यांच्या नोंदवह्यांतून लिहिला, तर अशा अनाम भांड्यांचा आणि त्यांमागच्या कष्टांचा भाग पूर्णपणे हातचा जातो. या वस्तूंच्या अभ्यासाचे खरे महत्त्व तेवढ्यासाठीच आहे.

भांड्यावरील चिन्हांकडे वळले, की पुरावा अधिक आकर्षक आणि अधिक फसवा होतो. सुरईच्या पोटावर साच्याने उठवलेली पदके असत आणि त्यांत ॲमस्टरडॅम किंवा कोलोन यांसारख्या शहरांची चिन्हे, युलिख, क्लेव्ह आणि बेर्ग या सरदारघराण्यांची कुलचिन्हे, इंग्लंडची राजचिन्हे किंवा नुसत्या फुलांच्या आकृत्या असत. काहींवर सालही असे. ॲमस्टरडॅमचे चिन्ह असलेले भांडे ॲमस्टरडॅममध्ये घडले असे होत नाही, तेथल्या कोणासाठी खास मागवले होते असेही प्रत्येक वेळी होत नाही. ज्या बाजारात ते खपण्याची शक्यता जास्त, त्या बाजाराला रुचेल असे चिन्ह कुंभाराने निवडले, एवढेच त्यावरून खात्रीने म्हणता येते. याला अपवाद अशी काही मोजकी पदके आहेत. सतराव्या शतकाच्या मध्यास लंडनमध्ये व्यवसाय करणारा डच व्यापारी पीटर फान डेन आंकर याच्या नावाची पदके असलेल्या सुरया सापडल्या आहेत, आणि येथे मागणी करणारा व्यापारी, घडवणारा कुंभार आणि वापर होण्याचे शहर हे तीनही दुवे एका भांड्यावर जुळतात.

कालनिर्णयाचा प्रश्न याहून अवघड आहे. पदकावरील साल साच्याचे असते, भांड्याचे नव्हे. एक साचा वर्षानुवर्षे वापरला जाई, एका कुंभाराकडून दुसऱ्याकडे जाई, आणि तयार सुरई पुढे अनेक वर्षे फिरत राही. एम. आर. होम्स यांनी १९५१ मध्ये मुखवट्याच्या रेखाटनातील बदलांवर आधारित वर्गवारी मांडली. सुरुवातीचे मुखवटे रेखीव आणि प्रसन्न असून उत्पादन वाढत गेले तसे ते उग्र, ओबडधोबड आणि शेवटी ओळखूही न येण्याइतके विरूप होत गेले, असा तिचा आशय आहे. स्थूल मानाने ही मांडणी उपयोगी आहे, परंतु एकाच काळात कुशल आणि अकुशल हात शेजारीशेजारी काम करत असतात हे लक्षात घेता केवळ मुखवट्याच्या बिघाडावरून दशकाइतका बारीक काळ ठरवणे धाडसाचे आहे. म्हणूनच बुडालेल्या जहाजांचे महत्त्व असाधारण आहे: ज्या दिवशी जहाज बुडाले त्या दिवशी त्यातील प्रत्येक भांडे वापरात होते, हे निश्चित असते, आणि ‘फेरगुल्डे ड्राक’सारख्या तारखेसह ज्ञात असलेल्या जहाजावरील नमुने जमिनीवरील शेकडो तुकड्यांपेक्षा अधिक भरवशाची साक्ष देतात.

या वस्तूंच्या मूळ ठिकाणाविषयी एकोणिसाव्या शतकातील संग्राहकांचा झालेला गोंधळही व्यापाराच्या स्वरूपाशी निगडित आहे. त्या काळी या भांड्यांना फ्लँडर्सचे स्टोनवेअर म्हणत, कारण ती नेदरलँड्सच्या बंदरांतून आणि बाजारांतून युरोपभर गेली होती. रेरेनमध्ये स्थानिक पाद्री श्मिट्झ यांनी १८७० च्या दशकापासून भट्ट्यांचे अवशेष खणून काढल्यावर, आणि ओटो फोन फाल्के यांचा १९०८ सालचा दोन खंडांचा ग्रंथ आल्यावर, घडवणारी खरी गावे प्रकाशात आली. ज्या बंदरातून माल निघाला त्या बंदराने घडवणाऱ्याची ओळख झाकून टाकली, आणि ती परत मिळवायला भट्ट्यांची राख उपसावी लागली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मातीतील सूक्ष्म मूलद्रव्यांचे प्रमाण मोजणाऱ्या न्यूट्रॉन सक्रियण विश्लेषणाने यात मोठी भर घातली. बॉन विद्यापीठातील हान्स मॉमसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिगबुर्गसह विविध केंद्रांच्या मातीची रासायनिक ओळख निश्चित करण्याचे काम केले, आणि केवळ रंगावरून केलेली कितीतरी वर्गीकरणे त्यामुळे पुन्हा तपासावी लागली.

आशियात हे स्टोनवेअर स्वतंत्र माल का बनले नाही, याचे उत्तर आशियाच्या स्वतःच्या भांड्यांत आहे. हिंदी महासागराच्या व्यापारात जाड, झिलईदार आणि न झिरपणारी भांडी युरोपीय जहाजे येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत होती: चीन आणि सयामच्या भट्ट्यांतील बरण्या, आणि ब्रह्मदेशातील मर्तबान बंदराच्या नावाने ओळखले जाणारे काळ्या-तपकिरी झिलईचे प्रचंड रांजण. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याच्या वृत्तांतातही समुद्रप्रवासासाठी आले, मिरी, लिंबू आणि आंबे घालून भरलेल्या मर्तबान बरण्यांचा उल्लेख आहे. गोव्याच्या किनाऱ्याजवळील सुंची खडकावर दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी शोधलेल्या, सतराव्या शतकाच्या आरंभीच्या मानल्या जाणाऱ्या पोर्तुगीज जहाजाच्या अवशेषांत लोखंडी तोफा, हत्तीदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी भांड्यांबरोबर याच मर्तबान प्रकारची खापरे मिळाली. गोव्याच्या वाटेवरच्या जहाजाला साठवणुकीचे भांडे हवे असेल, तर ते पूर्वेकडील बंदरांतूनच मिळत होते. युरोपातून सुरया आणून येथे विकण्याची गरज कोणालाच नव्हती. विजापूरच्या आदिलशाहीच्या परवानगीने १६३७ साली डचांनी वेंगुर्ल्यात उघडलेली वखार, आणि त्याच सुमारास गोव्याच्या समुद्रावर त्यांनी घातलेली नाकेबंदी, यांमुळे कोकणच्या पाण्यातही त्यांची जहाजे नित्य ये-जा करत होती. त्या जहाजांवरून ऱ्हाइनचे स्टोनवेअर या किनाऱ्याजवळ आले असेल, तर ते वखारीच्या जेवणाच्या खोलीतील, औषधाच्या कपाटातील किंवा जहाजाच्या कोठारातील भांडे म्हणून, आणि कोकणातील भावी उत्खननात असे खापर मिळाल्यास त्याचा अर्थ लावताना हे भान बाळगावे लागेल.

भांड्यांपेक्षा त्यांच्या आकारांनी आशियात अधिक खोल खूण उमटवली. डच ग्राहकाला हव्या त्या आकारांचे पोर्सेलीन मिळावे यासाठी १६३५ च्या सुमारास तैवानमधील डच ठाण्यावरून चिनी व्यापाऱ्यांना लाकडी नमुने देण्यात आले, आणि त्यांत युरोपीय मग व सुरयांचे आकारही होते. पुढे चीनमधील गृहयुद्धामुळे जिंगदेझेन या तेथील पोर्सेलीनच्या केंद्राचा पुरवठा खंडित झाला, तेव्हा जपानमधील आरिता येथील कुंभारांनी हीच मागणी उचलली, आणि ऱ्हाइनकाठच्या स्टोनवेअरचा गोलाकार देह आणि अरुंद मान हा आकार पांढऱ्या-निळ्या पोर्सेलीनमध्ये घडून पुन्हा युरोपात पोहोचला. जर्मन माती येथवर विक्रीसाठी आली नाही, पण तिचा आकार मात्र आशियाई कारागिराच्या हाताने नवा झाला.

इंग्लंडमध्ये मात्र या सुरईचा आणखी एक उपयोग झाला: जुन्या घरांच्या पायांखाली किंवा चुलीजवळ पुरलेल्या सुरयांना चेटूकबाटल्या म्हणतात. ग्रिनिच येथे २००४ साली सापडलेल्या अशा एका बंद सुरईत मूत्र, खिळे, टाचण्या, केस, नखांचे तुकडे, गंधक आणि टोचलेले चामड्याचे हृदय आढळले. लोकश्रद्धेच्या अभ्यासासाठी हे अनमोल आहे. मात्र लोकप्रिय लेखनात या बाटल्यांना मिळालेले स्थान अवास्तव मोठे आहे, कारण त्यामुळे या भांड्याचा मुख्य इतिहास, म्हणजे दारू ओतण्याचा आणि माल वाहण्याचा इतिहास, मागे पडतो.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील मागणी दोन बाजूंनी आटत गेली. कोळशाच्या प्रखर भट्ट्यांत तयार होणाऱ्या जाड, गडद हिरव्या काचेच्या बाटल्या वाइनसाठी सोयीच्या आणि स्वस्त झाल्या, आणि फुलहॅमच्या जॉन ड्वाइट याने १६७२ साली इंग्लंडमध्ये कोलोनसारखे स्टोनवेअर करण्याचे पेटंट मिळवले. त्याआधी १६२६ सालीही असे एक पेटंट दिले गेले होते, परंतु यशस्वी उत्पादनाचे श्रेय ड्वाइटकडे जाते. १६७६ मध्ये लंडनच्या काच-विक्रेत्यांच्या संघाने त्याच्याशी करार केला, आणि १९७० च्या दशकात त्याच्या भट्टीच्या जागी झालेल्या उत्खननातून त्याचे प्रयोग स्पष्ट झाले. तेथील कचऱ्यात दाढीच्या मुखवट्याच्या, अगदी फ्रेखेनच्या धर्तीच्या सुरयाही निघाल्या, हे लक्षात घेतले तर इंग्रज बाजारात सापडणारे प्रत्येक दाढीवाले खापर आयात केलेले नसते, हेही मान्य करावे लागते.

वेस्टरवाल्डच्या कुंभारांनी मात्र हा बाजार सहज सोडला नाही. त्यांनी राखाडी मगांवर आणि सुरयांवर राणी ॲन आणि जॉर्ज राजांची आद्याक्षरे असलेली पदके लावून इंग्रज सत्तेखालील अमेरिकी वसाहतींत आपला माल अठराव्या शतकाच्या बऱ्याच भागात विकला. वेस्टरवाल्डमध्येच एकोणिसाव्या शतकात सेल्टर्सच्या झऱ्याचे खनिजपाणी भरून जगभर पाठवण्यासाठी लाखोंच्या संख्येने सरळ, दंडगोल स्टोनवेअर बाटल्या बनत, आणि त्यांच्या खांद्यावर नासाऊ संस्थानाचा शिक्का उठवलेला असे. मुखवटा, पदके आणि नक्षी यांतील काहीही त्यांवर उरले नव्हते. उरला होता तो झऱ्याचे आणि संस्थानाचे नाव सांगणारा शिक्का, ज्याच्यासाठी ग्राहक पैसे मोजत होता, आणि त्याखाली, कुठल्याही नोंदीत न येणारे, पाणी न झिरपू देणारे तेच जुने भांडे.